नव्वद पावलं उलटी

जगातली माणसं पुढे चालून पोट भरतात, आमचं घर मागे चालून भरतं. दोर वळणाऱ्यांचं कामच तसं. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला तागाचा गुंडाळा बांधायचा, चाकाच्या आकड्यात ताग अडकवायचा आणि बोटांतून तो थोडा थोडा सोडत मागे मागे जायचं. आमची पडवी नव्वद पावलांची. नव्वद पावलं उलटी गेलं की एक धागा पुरा होतो. तो खुंटीला बांधायचा, सुलटं चालत चाकापाशी यायचं आणि पुन्हा मागे निघायचं. अशा धाग्यांचे पदर, आणि तीन पदरांचा एक दोर. लग्न होऊन आले तेव्हा दोन दिवसांत तीनदा खांबावर आपटले होते. आता तेवीस वर्षं झाली, पाठीला डोळे फुटलेत माझ्या.

त्या वर्षी नदीला पाणी चढायच्या आत होडीवाल्याला साठ दोर हवे होते. दरवर्षी चाळीस नेतो, पण त्याने नव्या होड्या बांधल्या होत्या. आमचे हे 'हो' म्हणून मोकळे झाले, आणि आठच दिवसांत आमचा बारा वर्षांचा जुना गडी सिमेंटच्या कारखान्यात लागला. "तिथे सरळ चालायला मिळतं," असं सांगून गेला. राहिलो कोण? हे, मी, आमची तेरा वर्षांची बारकी आणि वन्सं.

वन्संबद्दल आधी सांगायला हवं, आणि खरं सांगायला हवं, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त चुकलेलं माणूस मी आहे.

वन्सं यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. त्यांची सकाळ बघण्यासारखी असे. अंधार फिटायच्या आत पाणी भरून ठेवत, ताग झोडपून त्यातला कचरा काढत, लोखंडी दात्यांच्या फणीवर तो विंचरत. मी चहा ठेवेपर्यंत दोन माणसांचं काम उरकलेलं असे. दुपारी जेवणं झाली की पाय ओढायला लागत. चार वाजता उजवं पाऊल आत वळे, टाच वर उचलली जाई, आणि दिवेलागणीला, म्हणजे नेमकी चूल पेटवायच्या वेळेला, भिंत धरल्याशिवाय त्यांना चालता येत नसे. आमची चूल उंच ओट्यावर आहे, उभं राहून करायचं काम. वन्सं ओट्याशेजारच्या तीन पायांच्या स्टुलावर बसत आणि बटाटे सोलून देत, तेही कापऱ्या हातांनी. रात्र गेली की सकाळी पुन्हा खारीसारख्या तुरुतुरु.

असं कुठलं दुखणं असतं? गावाने त्यांचं नाव ठेवलं होतं, सकाळची राणी. लग्न झालं होतं त्यांचं. पाचव्या महिन्यात सासरच्यांनी परत आणून सोडलं आणि दारातूनच सांगितलं, "मुलगी सकाळपुरतीच आहे."

आणि सगळ्यात मोठा पुरावा आमच्या धंद्यानेच दिला होता. भर दुपारी, पाय वळलेला असताना वन्संच्या कमरेला ताग बांधला, की त्या नव्वद पावलं मागे अगदी झकास जात. पाऊल वळत नसे, टाच टेकत असे. खुंटीला धागा बांधून पुढे यायला निघाल्या, की लंगडी सुरू. मागे जाताना तरणी पोर, पुढे येताना म्हातारी. हे बघितल्यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. रोज संध्याकाळी फोडणी टाकता टाकता म्हणायची, "काय वन्सं, दिसली वाटतं चूल पायाला?" त्या उत्तर देत नसत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझी जीभ तशीच आहे.

तर साठ दोर. शाळेला सुट्टी होती म्हणून बारकीला कामाला घेतलं. सकाळी वन्सं आणि मी धागे ओढायचो, हे चाक फिरवायचे. दुपारनंतर वन्सं चाकावर बसायच्या, हे पदर घालायचे आणि बारकी नि मी चालायचो. पोरगी हाताने चांगली निघाली. धागा सारखा, गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही. मला मनातून अभिमान वाटला, तोंडाने मी म्हटलं, "कचरा राहतोय, नीट बघ."

सहाव्या दिवशी चारच्या सुमाराला खुंटीकडून परत येताना ती खांबाला धरून उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही, आई. पाय दमला."

दोन पावलं चालली आणि मी बघितलं. उजवं पाऊल आत वळलेलं, टाच वर, अंगठा जमिनीवर घासतोय. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. वर्षभर तिच्या उजव्याच चपलेचा पुढचा कोपरा झिजत होता. "चपला खातेस की घालतेस," म्हणून मी दोनदा बोलले होते. शाळेतून येताना पडली म्हणून गुडघे फोडून आली होती. पण जुळलं ते भलत्याच बाजूने. मला वाटलं, पोरगी आत्याची शाळा शिकली. रोज स्टुलाजवळ बसून गप्पा मारते, आता हेही उचललं.

"नाटकं बंद कर," मी म्हटलं. "चल, उलटी चालून दाखव."

"आई, खरंच दुखतंय."

"दाखव म्हणते ना."

तिने ताग हातात घेतला आणि मागे निघाली. एक, दोन, दहा, तीस. पाय सरळ, टाच टेकलेली. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं तिला. मी पुढे गेले आणि हातातल्या तागाच्या जुडीने तिच्या पाठीवर दोन दिल्या. लागलं नसेल फार, ताग मऊ असतो. पण पोरगी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की मागे जाताना पाय बरा कसा होतो.

चाक थांबलं. वन्सं चाकाच्या फळीवरून उठल्या आणि एक हात भिंतीवर ठेवून, पाय ओढत आमच्यापर्यंत आल्या. मला त्यांनी कधी तोडून बोललेलं आठवत नाही. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"मारू नकोस तिला," त्या म्हणाल्या. "मला बोल काय बोलायचं ते. तिला नको."

"तुम्हीच शिकवलंत ना तिला."

"शिकवता आलं असतं तर आधी तुला शिकवलं असतं," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे तुला कळलं तरी असतं."

यांनी हातातला पदर खाली ठेवला. आमचे हे बोलण्याच्या बाबतीत फार कंजूष. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा वापरत नाहीत. तेव्हा मात्र बोलले.

"अक्का चौदाची होती. बाबांनी शेजारची चार माणसं बोलावली आणि तिला असंच उलटं चालायला लावलं. याच पडवीत. ती नीट चालली. सगळे हसले." मग म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. चाकावर बसलो होतो. मीही हसलो."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बारकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उद्या हिला दुपारी झोपव. नुसतं बसवू नकोस, त्याने काही होत नाही. झोप लागली पाहिजे. तासभर."

"कामाच्या दिवसांत दुपारी झोपायचं?"

"मला हे विसाव्या वर्षी कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "पण नांदून परत आलेल्या बाईला दुपारी झोपू कोण देणार?"

मी ऐकलं ते पटलं म्हणून नाही. पोरीच्या पाठीवर मारलेल्या जुडीची मला लाज वाटत होती, म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बारकीला आतल्या खोलीत निजवलं. मी दारात उभी राहून तिचा श्वास ऐकला, सोंग घेते की काय म्हणून. बघा, तेव्हाही माझा संशय गेला नव्हता. तासाभराने उठवली आणि कामाला लावली. चार वाजले, पाच वाजले. पोरगी नव्वद पावलं मागे जात होती आणि नव्वद पावलं पुढे येत होती, सरळ. साडेसहाला पाऊल पुन्हा जरासं वळायला लागलं.

मी चूल पेटवली, पण माझं लक्ष भांड्यात नव्हतं. सोंग करणारी पोर सोंग झोपेत विसरून येते का? आणि विसरली तर साडेसहाला पुन्हा तिला आठवतं का? वन्सं शेजारी बसून बटाटे सोलत होत्या. त्या दिवशी मी काही बोलले नाही. त्यांना ते न बोलणं ऐकू आलं असावं, कारण सोललेला बटाटा माझ्या हातात देताना त्या जरा थांबल्या.

गावातल्या डॉक्टरने बारकीला शक्तीचं औषध लिहून दिलं आणि वन्संकडे बोट करून म्हणाला, "घरात नमुना असल्यावर पोरं बघून बघून शिकतात." म्हणजे माझंच वाक्य, मीच बोललेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण आहे ते कळलं. मी ती चिठ्ठी तिथेच टेबलावर ठेवून आले.

"शहरात नेऊ," रात्री जेवताना हे म्हणाले.

"आणि दोर?"

"शेजारच्या लोहाराला चाकावर बसवतो. राहिले तर राहिले."

"मीही येते," वन्सं म्हणाल्या. "एकटीला बघून कोणी विश्वास ठेवत नाही. दोघींना बघितलं तर निदान कोड्यात तरी पडतील."

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही तिघी निघालो. शहरातलं मोठं इस्पितळ, तिथे डोक्याच्या आणि मज्जातंतूंच्या रोगांचा वेगळा विभाग. लांबच लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, फरशी इतकी गुळगुळीत की वन्सं म्हणाल्या, "इथे दोर छान ओढता येईल." दहा वाजता आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस आखूड, डोळ्यांखाली काळं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत विजेरी धरली, बोटाने नाक शिवायला लावलं. मग म्हणाल्या, "चालून दाखवा."

सकाळचे दहा. आमच्या दोघी अशा चालल्या, जशा काही शर्यतीला आल्यात. वन्सं तर दाराला वळसा घालून परत आल्या.

"दोघीही उत्तम चालताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर ते हसू होतं, जे मी तेवीस वर्षं वन्संना बघून हसत आले होते. ते मी लगेच ओळखलं. वन्संनीही ओळखलं, आणि त्या पिशवी उचलून उठायला लागल्या. त्यांना याची सवय होती.

मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "डॉक्टर, हे दुखणं सकाळी उठतच नाही. संध्याकाळी बघा."

"पाचला माझी वेळ संपते."

"मग साडेचारला बघा. आम्ही बाहेर बसतो."

त्यांनी खांदे उडवले, पण कागदावर 'साडेचार' असं लिहिलं. मी वाकून ते वाचलं आणि खात्री करून घेतली.

मग सहा तास आम्ही बाकावर काढले. घरून आणलेला पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. बारा वाजले तशी बारकी पेंगायला लागली. झोपली तर पाय बरा होणार, आणि पाय बरा झाला तर आम्ही खोटे ठरणार. "झोपू नकोस गं," म्हणून मी तिला चिमटे काढले. वन्संचे डोळे मिटले की त्यांनाही ढोसलं. दोघींना बोळातून इकडून तिकडे चालवलं. आयुष्यभर ज्यांच्या पायांना नावं ठेवली, त्यांचा पाय आता वळावा म्हणून मी देवाला हात जोडत होते. वन्सं म्हणाल्या, "तेवीस वर्षांत तू माझ्या पायाची एवढी काळजी केली नाहीस." आणि तिघी बाकावर बसून इतक्या हसलो की समोरच्या परिचारिकेने तोंडावर बोट ठेवलं.

तीनला बारकीचा पाय ओढायला लागला. चारला वन्संनी भिंत धरली. साडेचारला दोघी बोळातून दारापर्यंत आल्या तेव्हा बाकांवरची सगळी माणसं वळून बघत होती. आत्या आणि भाची, एकीचं वय बावन्न, एकीचं तेरा, दोघींचं उजवं पाऊल आत, दोघींची टाच वर. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मनात एक काटा होता. ही गोष्ट आता लपवली आणि उद्या बाहेर आली, तर पुन्हा सगळं मातीमोल. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच उत्तर हवं होतं.

"डॉक्टर, एक सांगते, रागावू नका," मी म्हटलं. "आमचा दोर वळायचा धंदा. उलटं चालावं लागतं. आणि या दोघी उलट्या चालल्या, की पाय अगदी नीट पडतो."

वन्संनी मान खाली घातली. बारकीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुन्हा जुडी उचलली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा?"

"उलट्या चालल्या की बऱ्या असतात."

"चालून दाखवा."

त्या बोळात दोघी मागे चालल्या. नुसत्या रिकाम्या हातांनी, पण बोटं सवयीने कमरेपाशी ताग सोडत असल्यासारखी हलत होती. भिंत नाही, खांदा नाही, टाच टेकलेली. बोळाच्या टोकाला पोचून पुढे वळल्या आणि लंगडी सुरू झाली. डॉक्टरीणबाई पळत आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता कोणाला तरी बोलावून आम्हाला बाहेर काढणार. त्यांनी दोन मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं, एक तर दुपारचं राहिलेलं जेवण तोंडात घेऊनच आले. "पुन्हा चाला," म्हणाले. मग आणखी एकदा. पांढऱ्या कोटातली सात-आठ माणसं भिंतीला लागून उभी राहिली आणि माझ्या नणंदेचं उलटं चालणं बघू लागली. कोणी हसलं नाही.

जेवण अर्धवट सोडून आलेले मोठे डॉक्टर खुर्ची ओढून वन्संच्या समोर बसले. म्हातारे होते, सावकाश बोलत होते.

"मेंदूत एक रस तयार होतो," ते म्हणाले. "पायांना, हातांना हलायचा हुकूम त्याच्यामार्फत पोचतो. तुमच्या घराण्यात तो कमी तयार होतो. झोपेत थोडा साठतो, दिवसभर वापरून संपतो. म्हणून सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. फार थोड्या घरांत असतं हे, आणि रक्तातून पुढे जातं."

"मग उलटं चालताना?" मी विचारलं.

"पुढे चालायचा हुकूम वेगळा, मागे चालायचा वेगळा. या दुखण्यात कधीकधी पुढचा बिघडतो आणि मागचा शाबूत राहतो. नेमकं का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण एक कळतं. सोंग करणारा माणूस दोन्हीकडे लंगडतो."

वन्सं कितीतरी वेळ आपल्या पायाकडे बघत होत्या.

"म्हणजे मी करत नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नाही, मला मधूनमधून वाटायचं," वन्सं म्हणाल्या, "सगळी म्हणताहेत तर मीच करत असेन. मलाच कळत नसेल."

मी नुसती रडले. बारकीच मला पाणी आणून द्यायला उठली आणि लंगडत गेली.

डॉक्टरांनी बाकीचंही विचारलं. बारकीच्या वडिलांना काही त्रास आहे का? नाही. मग हा दोष त्यांच्यातून बारकीकडे आला असणार; काही जणांच्या अंगात नुसता असतो, त्यांना कळतही नाही, आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. वन्संना एकदम त्यांची आजी आठवली. तीही दिवस कलला की उंबऱ्यावर बसून राहायची आणि सगळे तिला आळशी म्हणायचे. मोठ्या डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. रक्त काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्याचा कागद दोन महिन्यांनी आला, आणि डॉक्टर म्हणाले तेच त्यात होतं. पण औषधासाठी कोणी थांबलं नाही. छोट्या गोळ्या दिल्या, सुरुवातीला अर्धी अर्धी.

"ही कायम घ्यावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं जाणार नाही, पण त्रास बहुतेक राहणार नाही. लहानांना लवकर गुण येतो. तुम्हाला किती येईल ते बघू."

परतीच्या बसमध्ये दिवस मावळत होता. बारकी माझ्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "वन्सं, माझं चुकलं. फार चुकलं. तुमचे पाय धरले तरी फिटायचं नाही."

"पाय नको धरूस," वन्सं खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "आता कुठे सरळ व्हायचेत."

बारकीला चौथ्या दिवशी फरक पडला. सातव्या दिवशी ती दिवेलागणीला पडवीत धावली, पुढे, सरळ, आणि खुंटीला हात लावून परत आली. यांनी चाक सोडलं आणि बाहेर जाऊन उगाच ताग वाळत घातला, जो आधीच वाळलेला होता. बराच वेळ आत आले नाहीत.

वन्संना मात्र पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ झाली. दुसऱ्यातही पाय तसाच. "बावन्न वर्षांचा पीळ आहे, लगेच कसा सुटेल," म्हणत त्या गोळी घेत राहिल्या. आम्ही काही बोलत नव्हतो, पण चार वाजले की सगळ्यांची नजर त्यांच्या पावलांकडे जाई. शेवटी एक दिवस त्याच ओरडल्या, "माझ्या पायांकडे बघताय की धाग्याकडे? सात ठिकाणी जाड झालाय."

पाणी चढलं तेव्हा त्रेपन्न दोर झाले होते. होडीवाला सकाळी आला, सात कमी म्हणून कुरकुरला, उरलेल्यांसाठी पुन्हा येतो म्हणाला. तो परत आला अठरा दिवसांनी, संध्याकाळी. वन्सं अंगणात तागाची जुडी उचलून उभ्या होत्या, कशालाही न धरता. त्याने डोळे बारीक केले. "काय राणी, आज संध्याकाळीही राज्य?"

"आता दोन्ही वेळ," वन्सं म्हणाल्या आणि जुडी घेऊन आत गेल्या. पाऊल किंचित वळत होतं, अगदी किंचित. टाच टेकत होती.

त्याच संध्याकाळची गोष्ट. होडीवाला दोर घेऊन गेला, मी चुलीपाशी आले, तर ओट्यापुढे वन्सं उभ्या. लाकडं पेटवलेली, भांडं चढवलेलं.

"सर तिकडे," त्या म्हणाल्या. "बस."

"अहो वन्सं, आजच कशाला."

"बस म्हणते ना."

मी त्यांच्या स्टुलावर बसले. त्याचा एक पाय आखूड आहे, हे मला तेवीस वर्षांत माहीत नव्हतं. बटाटे हातात घेतले आणि सोलत राहिले. वन्सं कांदा परतत होत्या, उजव्या पायावर भार देत होत्या, मग डाव्यावर. मध्येच भांडं उतरवायला ओट्याच्या त्या टोकाला गेल्या आणि परत आल्या. चार पावलं असतील. मी ती प्रत्येक वेळी मोजली.

जेवायला बसलो. बारकीने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीही घेतला. बटाट्यात मीठ इतकं होतं की जीभ आखडली. मी बारकीला डोळ्यांनी दटावलं आणि आम्ही दोघी मुकाट्याने गिळायला लागलो. आजच्या दिवशी कोण बोलणार? पण आमच्या घरात शब्द वाचवणारं माणूस नेमकं नको तिथे खर्च करतं. यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "अक्का, मीठ जास्त झालंय."

मी यांच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर उठून गेला असता. वन्संचा हात थांबला. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं, आणि मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि भावाच्या ताटात आणखी वाढत होत्या.

"खा मुकाट्याने," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं संध्याकाळी काही करत नाही म्हणून नावं ठेवलीत. केलेल्याला नावं ठेवली ती आज पहिल्यांदा."